डासांच्या मागे लागलेले सहा महिने

१९९८चा सप्टेंबर उजाडला आणि मलेशियातल्या इपोह शहराच्या आसपास डुकरं पाळणारे लोक तापाने फणफणू लागले. डोकं ठणकायचं, ग्लानी यायची, मग शुद्ध हरपायची. काही जण दगावले. निदान अवघड वाटलं नाही. जपानी मेंदूज्वर त्या देशाला नवा नव्हता. त्याचा विषाणू डुकरांच्या रक्तात वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो. काही रुग्णांच्या रक्तात त्या रोगाच्या अँटिबॉडीजही सापडल्या. मग आणखी काय हवं? धूरफवारणी झाली, लस टोचली गेली.

मरणं मात्र थांबली नाहीत.

हळूहळू विसंगती समोर येऊ लागल्या. जपानी मेंदूज्वर मुलांना अधिक गाठतो. इथे आडवे होत होते ते कमावते पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. रुग्ण बहुतेक चिनी वंशाचे, डुकरांच्या गोठ्यात राबणारे. शेजारच्या मलय मुसलमानांची घरं सुखरूप होती. डास काही धर्म विचारून चावत नाहीत! शिवाय डुकरंही आजारी होती, मोठ्याने खोकत होती. पण सगळ्यांचं लक्ष डासांवर. घाबरलेल्या पशुपालकांनी डुकरं विकून टाकली आणि ती ट्रकांतून दक्षिणेकडे गेली. नेग्री सेंबिलान राज्यात रोग पुन्हा भडकला, आणि या खेपेला कितीतरी मोठा.

१९९९च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला मलाया विद्यापीठात विषाणूशास्त्रज्ञ चुआ कॉ बिंग यांनी एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यातला द्रव माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर सोडला. काही दिवसांत त्या पेशी एकमेकींत विरघळल्या आणि त्यांचे अनेक केंद्रकांचे मोठाले गोळे झाले. जपानी मेंदूज्वराचा विषाणू असं करत नाही.

चुआ नमुने घेऊन अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सच्या प्रयोगशाळेत पोचले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते गोवर आणि गालगुंडाच्या कुळातलं होतं. या विषाणूचा डासांशी संबंधच नव्हता. पुढे अटलांटात त्याचं नातं लागलं ते १९९४ साली ऑस्ट्रेलियात घोडे आणि माणसं मारणाऱ्या हेंड्रा विषाणूशी. रुग्णाच्या गावावरून, सुंगाई निपाहवरून, नव्या विषाणूला ‘निपाह’ नाव मिळालं.

आता उपाय उघड होता. रोग डुकरांच्या थेट संपर्कातून, त्यांच्या लाळेतून आणि स्रावांतून येत होता. लष्कर उतरलं, दहा लाखांहून अधिक डुकरं मारली गेली आणि साथ आटोक्यात आली. तोवर मलेशियात २६५ जण आजारी पडले होते, १०५ दगावले होते.

पण डुकरांमध्ये हा विषाणू कुठून आला? चुआ आणि सहकाऱ्यांनी तियोमान बेटावर फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या झाडांखाली प्लास्टिकच्या चादरी अंथरून त्यांचं मूत्र गोळा केलं. त्यात निपाह सापडला; वटवाघळांनी अर्धवट खाल्लेल्या एका फळावरही सापडला. साथीच्या गावांत गोठ्यांना लागूनच फळबागा होत्या. उष्टी फळं थेट डुकरांच्या तोंडी पडत असावीत.

भारतातही हा विषाणू आधी अनोळखीच राहिला. २००१ साली सिलिगुडीत रुग्णालयांमधूनच पसरलेला गूढ ताप निपाहचा होता, हे जुन्या नमुन्यांवरून काही वर्षांनी कळलं. मे २०१८मध्ये केरळात पहिला रुग्ण निदानाविनाच गेला. पण त्याच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी आला तेव्हा डॉक्टर नेहमीच्या मेंदूज्वरावर थांबले नाहीत. नमुने मणिपाळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि काही दिवसांतच निपाह पक्का झाला. पुढे याच संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही निपाहच्या खुणा मिळाल्या.

मलेशियात अँटिबॉडीजचा पुरावा खोटा नव्हता. तो काही रुग्णांपुरता खरा होता, आणि म्हणूनच सगळे फसले. कोण आजारी पडतंय हे सारे मोजत होते. शेजारचं घर सुखरूप का, या प्रश्नात मात्र उत्तर पहिल्या महिन्यापासून होतं.