यवतची घरपट्टी : काही दृढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत हे गाव ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली आहे. त्याच दौंड तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या दौंडात मात्र नगरपरिषद आहे, आणि शेजारच्या शिरूरचीही तीच स्थिती आहे. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामास येते, तेव्हा एका रात्रीपुरते गाव अनेक पटींनी वाढते आणि पाणी, दिवाबत्ती व सफाई यांची व्यवस्था कोणत्या पैशांतून होते हा प्रश्न क्षणभर सर्वांसमोर उभा राहतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत हा प्रश्न मागे पडतो आणि त्याची जागा पारावरील ऐकीव समजुती घेतात. त्यांतील काही समजुती केवळ चुकीच्याच नव्हे, तर नागरिकाला त्याच्याच हक्कापासून दूर नेणाऱ्या असल्यामुळे त्यांचे निरसन अगत्याचे वाटते.

गैरसमज : घरपट्टी किती घ्यायची हे सरपंच आपल्या मर्जीने ठरवतात.

वस्तुस्थिती : कर बसविण्याचा अधिकार पंचायतीला 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 ने दिलेला असून, आकारणीची रीत 1960 च्या कर व फी नियमांत सांगितलेली आहे. 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने या नियमांत मोठा बदल झाला आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आधारली गेली. जमिनीचे वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा प्रकार व त्याचे दर, इमारतीच्या वयानुसार होणारा घसारा आणि वापर निवासी की व्यापारी, या सर्वांचा हिशेब करून मूल्य काढावयाचे व त्यावर दर हजार रुपयांमागे कर बसवावयाचा, अशी ही पद्धत आहे. दराची किमान व कमाल मर्यादा राज्याने आखून दिली आहे. त्या मर्यादेच्या आत कोणता दर घ्यावा एवढाच निर्णय पंचायतीच्या हाती असतो, आणि तोही एका व्यक्तीच्या नव्हे, ठरावाच्या रूपाने. आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, व ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते त्याला प्रथम पंचायत समितीकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दाद मागता येते. चौकात तक्रार करणाऱ्यांपैकी हा मार्ग अवलंबणारे विरळाच आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

गैरसमज : मी शेतसारा भरतो, सबब माझ्या मळ्यातील घराला घरपट्टी लागू नाही.

वस्तुस्थिती : यवतच्या परिसरात मुठेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर शेती वाढली आणि तिच्याबरोबर वाड्या-वस्त्यांवरील पक्की घरेही वाढली, त्यामुळे हा समज येथे विशेष रुजलेला आहे. शेतसारा हा जमिनीवरचा, राज्याचा महसूल होय. शेतसाऱ्यास पात्र असलेल्या जमिनीवर पंचायत आपला कर बसवीत नाही हे खरे. परंतु इमारतीच्या बाबतीत कायद्याचे शब्द निराळे आहेत. ज्या जागेवर इमारत उभी आहे ती शेतसारा देत असो वा नसो, गावाच्या हद्दीतील इमारत करास पात्रच असते. गावठाणातील घर आणि मळ्यातील बंगला यांत कायदा भेद करीत नाही.

गैरसमज : नमुना 8 वर नाव लागले आणि घरपट्टीची पावती मिळाली, की मालकी सिद्ध झाली आणि बांधकामही कायदेशीर ठरले.

वस्तुस्थिती : नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आहे, नमुना 9 मागणीची आणि नमुना 10 ही भरलेल्या रकमेची पावती. कर कोणाकडून व किती घ्यावयाचा एवढेच या दप्तरावरून कळते. मालकीचा निर्णय खरेदीखत, वारसा, वाटणीपत्र आदी पुराव्यांवरून दिवाणी न्यायालय करते, आणि केवळ कर आकारणीच्या नोंदीने मालकी प्राप्त होत नाही हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तसेच विनापरवाना इमारतीवर कर आकारला म्हणून ती इमारत अधिकृत होत नाही. महामार्गालगतच्या गावांत जागेचे व्यवहार वेगाने होत असताना केवळ या उताऱ्यावर विसंबून आयुष्यभराची पुंजी गुंतविणे हे फार मोठे धाडस होय.

गैरसमज : मुंबईत लहान घरांना कर माफ झाला, पुण्यात चाळीस टक्के सवलत मिळते, मग यवतलाही ती मिळालीच पाहिजे.

वस्तुस्थिती : मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना दिलेली माफी 2022 पासूनची असून ती बृहन्मुंबई महानगरपालिकेपुरती आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकास मिळणारी 40 टक्क्यांची सवलत 2023 मध्ये पुन्हा लागू झाली, ती पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत. यवतला ग्रामपंचायतीचा कायदा लागू होतो आणि त्यातील सवलती वेगळ्या आहेत. सार्वजनिक पूजाअर्चा, शिक्षण वा धर्मादाय कार्य यांसाठीच वापरल्या जाणाऱ्या आणि नफा न मिळविणाऱ्या इमारतींना सूट असते; पण त्याच आवारातील गाळे भाड्याने दिले, तर त्या गाळ्यांना ती सूट पोचत नाही. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नींना 2020 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावे जाहीर झालेल्या योजनेखाली मालमत्ता करातून माफी आहे आणि ती गावांनाही लागू आहे. येथे एक तत्त्व ध्यानी धरावे : माफी कोणालाही मिळो, गावचा खर्च त्यामुळे कमी होत नाही, तो उरलेल्यांमध्ये वाटला जातो. म्हणून ज्याने देशासाठी वा समाजासाठी काही दिले आहे त्याला माफी देणे हे गावाला भूषण आहे. आणि ओळखीच्या जोरावर एखाद्याची आकारणी कमी लावणे हे शेजाऱ्याच्या खिशात हात घालण्यासारखे आहे.

गैरसमज : केंद्राचा निधी थेट पंचायतीच्या खात्यात येतो, मग घरपट्टीची गरज काय?

वस्तुस्थिती : पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानातील 60 टक्के हिस्सा पिण्याचे पाणी व स्वच्छता यांना बांधलेला आहे. उरलेला 40 टक्के भाग अबंधित म्हटला जात असला, तरी त्यातून वेतन व आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे टाकी या निधीतून उभी राहील. पण ती रोज भरणाऱ्याचा पगार गावाने आपल्या उत्पन्नातूनच द्यावयाचा. याच स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे. घरपट्टी थकते तेव्हा पहिला घाव या दुर्बलांच्या वाट्यावर पडतो, हे थकबाकीदारांनी मनात आणावे.

गैरसमज : ग्रामपंचायतीला कर्ज काढता येत नाही, आणि कर्ज काढणे हे दिवाळखोरीचे लक्षण आहे.

वस्तुस्थिती : अधिनियमाच्या कलम 133 अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रामविकास निधी आहे. पंचायती आपल्या उत्पन्नाचा अल्पसा अंश त्यात जमा करतात, आणि एखाद्या पंचायतीला विकासकामासाठी त्यातून व्याजाने कर्ज मिळू शकते. गावांनी गावांना मदत करण्याची ही सहकाराची तजवीज आहे. विकासकामासाठी कर्ज काढण्याचे मोठ्या प्रमाणावरील रूप पुण्यात दिसले : 2017 च्या जूनमध्ये पुणे महानगरपालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे रोखे 7.59 टक्के व्याजाने विकले. टिकाऊ कामासाठी काढलेले कर्ज निंद्य नव्हे, कारण जलवाहिनीचा उपयोग पुढील पिढीलाही होतो आणि तिने भार उचलणे न्याय्य आहे. निंद्य आहे ते दैनंदिन खर्चासाठी घेतलेले आणि परतफेडीची सोय न पाहिलेले कर्ज. कर्ज हे उद्याच्या घरपट्टीतूनच फिटते. म्हणून ज्या गावाची वसुली नियमित, त्यालाच कर्ज मागण्याचा नैतिक अधिकार आहे.

गैरसमज : घरपट्टी थकविली तरी कोणी काही करू शकत नाही.

वस्तुस्थिती : कलम 129 प्रमाणे बिल, त्यानंतर मागणीची नोटीस, आणि तरीही भरणा न झाल्यास जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, असा वसुलीचा क्रम ठरलेला आहे. शिवाय, बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा मनुष्य कलम 14 अन्वये पंचायतीचा सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरतो. जो गावाचा कर देत नाही त्याने गावाचा कारभार करू नये, हा विचार कायद्याने येथे कसलाही आडपडदा न ठेवता मांडला आहे.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा की, घरपट्टी हा वरून लादलेला दंड नसून गावाने स्वतःच्या गरजांसाठी स्वतः घेतलेला निर्णय आहे. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या करांना राज्यघटनेत स्थान दिले ते याच भावनेने. परंतु निर्णय आपला म्हणावयाचा तर तो घेताना आपण हजर असले पाहिजे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे पंचायतीवर बंधनकारक आहे. यवतकरांनी त्यांतील एका सभेस जाताना आपला नमुना 8 सोबत न्यावा, अंदाजपत्रकातील कराची मागणी, प्रत्यक्ष वसुली आणि दिलेल्या माफ्या हे तीन आकडे मोठ्याने वाचून घ्यावेत आणि जेथे शंका वाटेल तेथे लेखी हरकत नोंदवावी. कर भरणाऱ्याने हिशेब मागावा आणि हिशेब मागणाऱ्याने कर भरलेला असावा. गावच्या स्वराज्याला याहून अधिक बळकट पाया नाही.