पित्तनलिकेतला मोठा खडा: पोट न फाडता कसा काढतात?



आपल्या बोलण्यात ‘पित्त’ म्हणजे घशाशी येणारं आंबट पाणी. त्यामुळं जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पाठीत किंवा खांद्यात गेली, तरी आपण ‘पित्त खवळलंय’ म्हणतो. एक गोळी घेतो आणि पुन्हा पैंजणाची घुंगरं जोडायला बसतो. पण ही कळ पित्ताच्या खड्याची असू शकते.

आपलं यकृत पित्तरस तयार करतं. तो पित्ताशयाच्या पिशवीत साठतो आणि पित्तनलिकेतून आतड्यात उतरतो. ही नळी साधारण ६ मिलिमीटर रुंद असते. खडे बहुतेक वेळा पिशवीत तयार होतात आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतात. बाळंतपणं, वाढलेलं वजन, वाढतं वय ही त्याची काही कारणं. पिशवीतले खडे कित्येकदा वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. पण एखादा खडा नळीत घसरून अडकला, की मागं पित्तरस तुंबतो.

मग डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो, अंगाला खाज सुटते. ही कावीळच, पण अडथळ्याची. इथं आपली गफलत होते. गळ्यात माळ घालतात, नाकात थेंब सोडतात, हुलग्याचं पाणी देतात. मैत्रिणींनो, माळेनं किंवा थेंबानं नळीतला खडा हलत नाही. हुलग्याचं पाणी लोक मुतखड्यावर पितात, पण मुतखड्याची वाट वेगळी आणि पित्ताची वेगळी. यात दिवस जातात आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. पोटात दुखणं, कावीळ आणि हुडहुडी भरून ताप, ही तिन्ही एकत्र दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. जंतू रक्तात पसरले तर जीव जाऊ शकतो.

आधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते, गरज पडली तर एमआरआय. खडा नळीत आहे हे ठरलं, की दुर्बिणीनं काढण्याची पद्धत आहे. डॉक्टर तिला ‘ईआरसीपी’ म्हणतात. गुंगी किंवा भूल देऊन तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात. नळीच्या तोंडाला छोटा छेद देतात आणि तारेच्या जाळीनं किंवा फुग्यानं खडा खाली ओढतात. पोटावर टाका पडत नाही. नळीच्या तोंडाला छेद देण्याची ही रीत १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये सुरू झाली.

खडा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, नळीत घट्ट बसला असेल किंवा नळी खाली अरुंद असेल, तर काम अवघड होतं. मणी मोठा आणि भोक लहान असेल तर दोनच वाटा: भोक रुंद करा, नाहीतर मणी फोडा. डॉक्टरही तेच करतात. पहिली वाट म्हणजे मोठा फुगा फुगवून नळीचं तोंड रुंद करणं. मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांच्या २००७ साली छापलेल्या अभ्यासात असे अवघड खडे असलेले ६० रुग्ण होते. त्यातल्या ५७ जणांचे खडे या फुग्याच्या रीतीनं निघाले.

दुसरी वाट म्हणजे खडा मजबूत जाळीत धरून आतच चिरडणं. तेही जमलं नाही तर बारीक दुर्बीण थेट पित्तनलिकेत घालतात आणि डोळ्यांनी बघत लेसरनं खडा फोडतात. काही वेळा हे काम एका बैठकीत संपत नाही, पुन्हा यावं लागतं. म्हणजे उपचार फसला असं नव्हे. यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा ऑपरेशनचा मार्ग असतोच.

यात धोका नाही असं नाही. काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला भोक पडतं. घरी आल्यावर पोटात जोराचं दुखलं, ताप आला किंवा शौच काळी झाली, तर लगेच परत जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, आधीचं ऑपरेशन, पोटात बाळ असण्याची शक्यता, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि ही गोष्ट पक्की गाठ मारून ठेवा. खडा लगेच निघाला नाही, तर पित्त वाहतं राहावं म्हणून नळीत प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात. तिला ‘स्टेंट’ म्हणतात. ती कायमची नसते. साधारण तीन महिन्यांच्या आत काढावी किंवा बदलावी लागते. बरं वाटलं म्हणून विसरलात तर ती तुंबते आणि पुन्हा कावीळ, पुन्हा ताप. म्हणून तारीख विचारून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर लिहा. पिशवीत खडे उरले असतील तर ती कधी काढायची, हेही विचारा.

ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. म्हणून जायच्या आधी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतील. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्याजणींना सांगा. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर आधी दोन प्रश्न विचारा: पोटात दुखतंय का? थंडी वाजून ताप येतोय का? उत्तर ‘हो’ असेल, तर अमावस्या-पौर्णिमा बघू नका, गाडी काढा. डोळे नुसते पिवळे असले, तरी डॉक्टरांना दाखवायचंच.