कोमट पाण्यात हुडहुडी का भरते? वेटसूट निवडण्यामागचं विज्ञान

डिसेंबरच्या सुट्टीत मिशिगन किंवा न्यू जर्सीच्या बर्फातून पळून फ्लोरिडाला डायव्हिंगला जायचा बेत ठरला, की ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "पाणी तर गरम असतं ना तिकडे? मग सूट कशाला भाड्याने घ्यायचा?" ज्यांनी मालवण-तारकर्लीला पंधरा-वीस मिनिटांची पहिली बुडी मारली आहे, त्यांना तर थंडी वाजल्याचं आठवतही नसतं. पण सर्टिफिकेशननंतरचं डायव्हिंग वेगळं असतं. पाऊण तासाची एक डाइव्ह, बोटीवर वाऱ्यात तासभर, मग दुसरी, कधी तिसरीसुद्धा. तेव्हा सूट कशाला, हा प्रश्न नीट सोडवायला हवा.

आधी 'गरम' या शब्दाकडे बघू. फ्लोरिडा कीज भागात समुद्राचं पाणी उन्हाळ्यात साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअस असतं, आणि हिवाळ्यात २२ ते २४. (अमेरिकेतल्या डाइव्ह शॉपमध्ये हेच आकडे ८४-८६ आणि ७२-७५ फॅरनहाइट असे ऐकू येतील.) खोलीत २७ अंश असले तर आपण पंखा लावतो. पाण्यात मात्र हिशोब बदलतो, कारण पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. उघड्या अंगाने पाण्यात निवांत राहायचं आणि शरीराचं तापमानही टिकवायचं, तर पाणी ३३ ते ३५ अंशांच्या आसपास हवं. म्हणजे समुद्र कितीही 'कोमट' असला तरी तुमच्या अंगातली ऊब तो सतत काढून घेतच असतो. फक्त हळूहळू, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही.

नौदलासाठी २७ अंश म्हणजे 'थंड'

फ्लोरिडातल्याच पनामा सिटी इथे अमेरिकन नौदलाचं एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिट आहे. २००७ साली तिथल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता की तळाशी असताना आणि वर येताना पाणबुड्याला ऊब मिळते की थंडी, याने डीकॉम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे बोलीभाषेतल्या 'बेंड्स'चा धोका बदलतो का? १२० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३७ मीटर खोलीच्या डाइव्ह होत्या. गरम पाणी ३६ अंशांचं, थंड पाणी २७ अंशांचं. होय, ज्याला ट्रॅव्हल एजंट 'वॉर्म वॉटर' म्हणतो तेच!

जे पाणबुडे तळाशी गरम पाण्यात होते आणि वर येताना थंड पाण्यात, त्यांच्यात तळाशी ३० मिनिटं काढल्यावर ३२ पैकी ७ डाइव्हमध्ये बेंड्स झाला. उलट क्रमात, म्हणजे तळाशी थंड आणि वर येताना गरम, तळाशी तब्बल ७० मिनिटं काढूनही १५८ पैकी फक्त २ डाइव्हमध्ये झाला.

कारण समजायला सोपं आहे. अंग उबदार असलं की रक्तपुरवठा चांगला होतो आणि शरीर जास्त नायट्रोजन शोषतं. वर येताना तोच नायट्रोजन बाहेर पडायला हवा. पण थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की त्याची वाट अडते.

आता हे प्रयोग लांबलचक डीकॉम्प्रेशनचे होते, हौशी डाइव्ह तशा नसतात. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण दिशा लक्षात घ्यावी. सूटशिवाय कोमट पाण्यात उतरणारा माणूस नेमका चुकीचा क्रम पाळतो: सुरुवातीला छान ऊब, शेवटी कुडकुडणं.

गोधडी, पण भिजलेली चालणारी

वेटसूटबद्दल एक समज पक्का रुजलाय की आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच आपल्याला उबदार ठेवतं. खरं काम पाणी करत नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या हे लक्षात आलं, की अंग कोरडं ठेवायची गरजच नाही. उष्णता अडवणारी हवा कापडातच कोंडून ठेवली की झालं. निओप्रीन म्हणजे असंख्य बारीक वायूचे बुडबुडे असलेलं रबर. आपली गोधडी थरांमधल्या हवेमुळे उबदार असते. भिजली की संपलं. निओप्रीनची हवा बंद बुडबुड्यांत असल्यामुळे ते भिजूनही काम करतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सूट अंगालगत हवा. ढगळ सूटमधून दर हालचालीला थंड पाणी आत-बाहेर करतं आणि ऊब धुऊन नेतं. घालून बघताना कमरेच्या खोलगट भागात, काखेत आणि मानेपाशी पोकळी राहत नाही ना, ते तपासा. ढगळ ५ मिलीमीटरपेक्षा बेतशीर ३ मिलीमीटर बरा. दुसरी, खोली. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, बुडबुडे दबतात, आणि ३ मिलीमीटरचा सूट तिथे ३ मिलीमीटरचा राहत नाही. म्हणून उथळ रीफवर पुरलेला सूट खोलवरच्या जहाजाच्या सांगाड्यापाशी कमी पडू शकतो.

मग घ्यायचं काय?

पाणी २९ अंश किंवा जास्त असेल आणि एखाददुसरीच डाइव्ह असेल, तर लायक्राची डाइव्ह स्किन किंवा शॉर्टी चालते. लायक्रा ऊब जवळपास देत नाही. ती ऊन, जेलीफिश आणि फायर कोरलपासून वाचवते. २६ ते २८ अंशांत ३ मिलीमीटरचा पूर्ण सूट बहुतेकांना पुरतो. २२ ते २५ अंशांत, म्हणजे कीजमधला जानेवारी किंवा फ्लोरिडातले वर्षभर २२ अंशांवर असणारे गोड्या पाण्याचे झरे, ५ मिलीमीटर आणि डोक्याला हूड. तुम्ही अंगाने बारीक असाल, किंवा रोज तीन डाइव्ह करणार असाल, तर एक पायरी वर जा.

सूट जाड झाला की तो तरंगतोही जास्त, त्यामुळे वजनाचा पट्टा नव्याने जुळवावा लागतो. नवा सूट घेतलात तर पहिल्या डाइव्हआधी उथळ पाण्यात वजन तपासून घ्या. आणि ऑगस्टच्या उन्हात बोटीवर चेन लावून बसू नका. तिथे धोका थंडीचा नाही, उष्माघाताचा आहे. सूट कमरेपर्यंत ठेवा, पाणी पीत राहा, उतरायच्या वेळी चेन लावा.

पूर्ण सूटचा आणखी एक फायदा: सनस्क्रीन कमी लागतं. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी आहे, प्रवाळांना अपाय होतो या कारणाने. अंग झाकलं की तो प्रश्न बराचसा मिटतो.

पाण्याखाली असताना शरीर आधीच इशारे देतं. वारंवार लघवीची भावना, बोटांनी बकल नीट न उघडणं, नेहमीपेक्षा जास्त हवा संपणं. हुडहुडी भरली तर डाइव्ह तिथेच संपवायची, भिडेखातर रेटायची नाही. खूण करा, जोडीदाराला सोबत घ्या आणि सावकाश वर या.

काउंटरवरच्या माणसाने "कोणता सूट?" असं विचारलं, की डोळ्यांसमोर पहिली उडी आणू नका. दिवसाच्या शेवटच्या डाइव्हची शेवटची वीस मिनिटं आणा, पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला स्थिर थांबलेले तुम्ही. तिथे जो सूट तुम्हाला उबदार ठेवेल, तो घ्या.