चेंडू दिसतो, मग बॅटला का लागत नाही?

दहांपैकी सात प्रश्नांची उत्तरे चुकली, तर परीक्षेत तुमची धडगत नाही. परंतु अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात दहांपैकी सात वेळा अपयशी ठरणारा फलंदाज उत्तम समजला जातो! टेड विल्यम्स या विख्यात खेळाडूने १९४१ च्या हंगामात दर शंभर संधींमागे सुमारे ४१ सुरक्षित फटके मारले. अमेरिकन व नॅशनल या दोन प्रमुख लीगमध्ये त्यानंतर कोणालाही एका हंगामात शंभरी चाळिसाचा टप्पा गाठता आलेला नाही. असे का व्हावे? चला, थोडे गणित करून पाहू.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्याच्या जागेपासून फलंदाजापुढील ‘होम प्लेट’पर्यंतचे अंतर १८.४४ मीटर असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणून चेंडूला प्रत्यक्षात सुमारे १७ मीटरच जावे लागते. वेग ताशी १४५ कि.मी., म्हणजे सेकंदाला सुमारे ४० मीटर, असेल तर हा प्रवास सुमारे ०.४२ सेकंदात संपतो. यांपैकी जवळजवळ ०.१५ सेकंद बॅट फिरविण्यातच जातो. तेवढ्या वेळात चेंडू ६ मीटर पुढे येतो. म्हणजे चेंडू ६ मीटर दूर असतानाच निर्णय झालेला असला पाहिजे!

आता लहान मुलांचे पाहा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘लिटल लीग’ ही संस्था १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात सुरू झाली. त्यांच्या मैदानावर हे अंतर सुमारे १४ मीटर असते. एखाद्या तेज पिचरने ताशी ११० कि.मी. वेगाने चेंडू टाकला, तर उरलेले १३ मीटर अंतर तो ०.४३ सेकंदात कापतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला मिळणारा वेळ मुरब्बी व्यावसायिक खेळाडूइतकाच! त्याचा सराव मात्र दोन-चार वर्षांचाच असतो.

तुमचा स्वतःचा प्रतिक्रियाकाल मोजून पाहा. मित्राला एक पट्टी उभी धरावयास सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा व तर्जनी उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी २० से.मी. खाली घसरली, तर तुम्हाला ०.२ सेकंद लागला. फलंदाजाच्या ०.४२ सेकंदाच्या भांडवलातला जवळजवळ निम्मा वाटा असा खर्च होतो.

“चेंडूवरची नजर काढू नकोस,” असे सर्वच प्रशिक्षक सांगतात. पण ते शक्य आहे काय? टेरी बाहिल व टॉम लारिट्झ या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की चेंडू अगदी जवळ आल्यावर व्यावसायिक खेळाडूचे डोळेही मागे पडतात. दूरची आगगाडी संथ दिसते, पण फलाटावरून ती समोरून जाताना मान फिरविणेही कठीण जाते, तसाच हा प्रकार. म्हणून फलंदाज चेंडूच्या सुरुवातीच्या मार्गावरून तो कोठे येईल याचा अंदाज बांधतो. हा अंदाज सरावानेच पक्का होतो.

शिवाय बेसबॉलची बॅट क्रिकेटच्या बॅटप्रमाणे सपाट नसून गोल असते. तिचा व्यास जास्तीत जास्त ६.६ से.मी., तर चेंडूचा सुमारे ७.४ से.मी. असतो. दोन गोल वस्तूंची टक्कर थोडीशी वर-खाली झाली, की चेंडू आकाशात उडतो, नाही तर जमिनीवर आपटतो. वेळ शतांश सेकंदाने चुकली, तर चेंडू ४० से.मी. पुढे गेलेला असतो!

आणखी एक हिशेब करू. शंभरांत ३० वेळा यश मिळविणाऱ्या फलंदाजाला एका सामन्यात चार संधी मिळाल्या. चारही वाया जाण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.२४. याचा अर्थ असा, की साधारण दर चार सामन्यांत एकदा हा उत्तम फलंदाजही रिकाम्या हाताने परततो. त्यात त्याचे काही बिघडलेले नसते.

मैदानावरून मान खाली घालून परतणाऱ्या मुलाला हे कोणी तरी सांगावयास हवे. एका दिवसाच्या अपयशावरून त्याची उभे राहण्याची पद्धत बदलणे, किंवा त्याला संघातून काढणे, हे शास्त्राला धरून नाही. शिक्षकांनी त्याच्या महिनाभराच्या नोंदी ठेवाव्यात व मगच मत बनवावे. आणि तुम्ही? खेळ कोणताही असो, आज चेंडू हुकला तर उद्या पुन्हा बॅट हाती घ्या!