अंगणातले पाणी

बारावीची परीक्षा आटोपून मार्च २०२४ च्या अखेरीस मी बंगळूरला ताईकडे गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी, पाहुण्याने काहीतरी कामाला यावे म्हणून, नळाला पाइप लावून दाजींची गाडी धुवायला घेतली. पाच मिनिटे झाली असतील नसतील, तोच शेजारच्या आजीबाई फाटकापाशी येऊन कानडीत बोलू लागल्या. मला एक अक्षर कळले नाही, पण हातवारे स्पष्ट होते. ताई धावत आली, तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "अरे, ५,००० रुपये दंड आहे! आणि तू लातूरचा ना?"

हे शेवटचे वाक्य मला लागले. २०१६ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. मांजरा धरण आटले होते. त्या मार्चमध्ये आमच्या गावात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले, आणि एप्रिलात मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. त्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी उतरले. घागरी घेऊन रांगेत बसलेला तो मुलगा आठ वर्षांनी गाडीच्या चाकांवर पाइपाने पिण्याचे पाणी सोडत होता!

ओशाळून मी त्या नियमाची माहिती काढली. २०२३ चा पावसाळा बंगळूरला कोरडा गेला. शहरातील १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे शासनानेच सांगितले. उरली कावेरी. ती शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर वाहते, आणि शहर तिच्यापेक्षा सुमारे ५०० मीटर उंचावर. म्हणजे नळाचा थेंब न् थेंब आधी शुद्ध होतो, मग टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवला जातो. तोच थेंब प्यायला, आणि तोच चाके धुवायला.

म्हणून मार्च २०२४ मध्ये तेथील पाणीपुरवठा मंडळाने हुकूम काढला, की पिण्याचे पाणी वाहने धुणे, बागा शिंपणे, बांधकाम आणि शोभेची कारंजी यांसाठी वापरू नये. दंड ५,००० रुपये. पुन्हा सापडल्यास तेवढाच दंड आणि शिवाय दररोज ५०० रुपये. मी तेथे असतानाच, तीन दिवसांत २२ कुटुंबांना मिळून १ लाख १० हजारांचा दंड झाल्याची बातमी आली. आमचे तेविसावे कुटुंब थोडक्यात वाचले.

नियमातला 'पिण्याचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. बाग सुकवा, असे मंडळ म्हणत नव्हते. झाडाला शुद्ध पाणी लागत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. बांधकामांना तर प्रक्रिया केलेले सांडपाणी पुरवण्याची सोय होती. घरातही तोच हिशेब लागू पडतो. तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला चालते, कपडे शेवटचे खळबळलेले पाणी अंगणाला चालते.

दुसरी गोष्ट पाइपाची. मी घड्याळ लावून मोजले: ताईच्या नळाला १५ लिटरची बादली जेमतेम एका मिनिटात भरते. १० मिनिटे पाइप चालला की १५० लिटर गेले. गाडी मात्र ओल्या फडक्याने एका बादलीत पुसून होते. पाइपाची खोड अशी, की हात साबण लावत असतो तेव्हाही पाणी वाहतच राहते. बादली रिकामी झालेली दिसते, पाइप कधीच रिकामा दिसत नाही. १५० लिटर म्हणजे २०१६ मध्ये आमच्या घरचे चार-पाच दिवसांचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी.

झाडांचे गणित वेळेचे आहे. भर दुपारी घातलेल्या पाण्यातले बरेच मुळांपर्यंत न पोचताच वाफ होऊन जाते. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, आळे करून, बुंध्याशी घालावे आणि वर पालापाचोळा पसरावा. हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शहरात आले की विसरते, एवढेच.

काही मित्रांना असे नियम जाचक वाटतात. घरात पाणी किती सांडले ते कोणी बघत नाही, आणि अंगणातल्या माणसाला तेवढे पकडतात, हा त्यांचा आक्षेप. तो खोटा नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवावी, हेही मला फारसे रुचत नाही. तरी कपात कुठून सुरू करायची, या प्रश्नाला मला दुसरे उत्तर सापडत नाही. सरसकट पुरवठा कमी केला की टाकीवाल्याचे निभावते आणि दोन घागरी भरणारीची एक घागर जाते. बाहेरच्या पाण्यावरचा नियम मात्र ज्याच्याकडे अंगण आहे, बाग आहे, मोटार आहे, त्यालाच लागतो. घागरवालीला तो लागतच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरला कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि रोज ७७५ दशलक्ष लिटर वाढीव पाण्याची सोय झाली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाने तीच बंदी पुन्हा जाहीर केली.

मी परत येईपर्यंत दाजींची गाडी रोज मीच पुसली, एका बादलीत. चाके थोडी मळकी राहिली. शेजारच्या आजीबाई निघताना फाटकापाशी आल्या आणि कानडीत पुन्हा काहीतरी बोलल्या. या वेळी त्या हसत होत्या.