भूमिका आणि स्तंभनिहाय फेरबदलाचा अधिकार

कोणत्याही दप्तरात नोंद कोणी पाहावी हा एक प्रश्न असतो आणि ती कोणी बदलावी हा दुसरा. पहिल्याचा संबंध गोपनीयतेशी, तर दुसऱ्याचा नोंदीच्या विश्वसनीयतेशी येतो. डेटाबेसमध्ये हा दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो; कारण कोष्टकाच्या एकाच ओळीत निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या जबाबदारीच्या बाबी शेजारी-शेजारी नोंदलेल्या असतात. उदाहरणार्थ, एखाद्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे ‘परीक्षार्थी’ हे कोष्टक कल्पावे. त्यात आसन क्रमांक, नाव, महाविद्यालय, पत्ता आणि गुण असे स्तंभ आहेत. पत्त्यातील चूक सुधारणे हे लिपिकाचे कर्तव्य होय. गुणांना हात लावणे हे नव्हे. परीक्षकाच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती असते. म्हणून संपूर्ण कोष्टकावर अधिकार देणे अथवा नाकारणे हे दोन्ही मार्ग अपुरे पडतात आणि अधिकाराची विभागणी स्तंभागणिक करावी लागते.

ही कल्पना नवी नाही. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली डेटाबेसचे रिलेशनल प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेल्या आय.बी.एम.च्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पासाठी ग्रिफिथ्स आणि वेड यांनी १९७६ साली जी अधिकारव्यवस्था प्रसिद्ध केली, तीतच फेरबदलाचा अधिकार निवडक स्तंभांपुरता देण्याची सोय होती. ‘भूमिका’ ही संकल्पना मात्र एसक्यूएलच्या प्रमाणात १९९९ साली समाविष्ट झाली. अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावा आणि व्यक्तीला त्या भूमिकेवर नेमावे, हे तिचे सार होय. पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालीत स्तंभनिहाय अधिकार २००९ साली, ८.४ या आवृत्तीत आले. पुढील विवेचन मुख्यतः याच प्रणालीस अनुसरून केले आहे.

अधिकार देण्याची आज्ञा ‘ग्रँट’ आणि तो काढून घेण्याची ‘रिव्होक’. ‘अपडेट’ या शब्दापुढे कंसात ‘पत्ता’ हे स्तंभाचे नाव लिहून ग्रँट केल्यास लिपिकास तेवढ्याच स्तंभात फेरबदल करता येतो. येथे एक भ्रम वारंवार आढळतो. प्रथम संपूर्ण कोष्टकावर फेरबदलाचा अधिकार द्यावयाचा आणि मग ‘गुण’ या स्तंभापुरता तो रिव्होक करावयाचा, असा क्रम पुष्कळांना स्वाभाविक वाटतो. परंतु त्याचा काहीही परिणाम होत नाही. कोष्टकाचा अधिकार आणि स्तंभाचा अधिकार यांची नोंद स्वतंत्र असते. दोहोंपैकी एकही पुरेसा असल्यास प्रणाली अनुमती देते. तात्पर्य, स्तंभाधिकार वजाबाकीने सिद्ध होत नाही; तो बेरजेनेच सिद्ध होतो. आरंभ शून्यापासून करावा आणि आवश्यक तेवढेच स्तंभ जोडीत जावे. या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. पुढे कोष्टकात नवा स्तंभ घातला, तर कोष्टकव्यापी अधिकार त्यालाही आपोआप लागू होतो. स्तंभांची यादी देऊन दिलेला अधिकार लागू होत नाही.

बेरजेचे हे तत्त्व भूमिकांनाही लागू पडते आणि खरी अडचण तेथेच उत्पन्न होते. एकच व्यक्ती लिपिक व परीक्षक अशा दोन्ही भूमिकांवर असेल आणि दोहोंचे अधिकार तिला वारशाने मिळत असतील, तर तिला पत्ता आणि गुण हे दोन्ही स्तंभ खुले होतात. आता त्यात ओळींवरील निर्बंध मिळवून पाहावे. अशी सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१६ साली, ९.५ या आवृत्तीबरोबर आली. लिपिकास आपल्या महाविद्यालयाच्या सर्व ओळी आणि परीक्षकास केवळ नेमून दिलेल्या ओळी बदलण्याची अनुज्ञा आहे असे मानू. दोन्ही नियम स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. परंतु दोन्ही भूमिका धारण करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत स्तंभांचा संयोग एकीकडे होतो, ओळींचा दुसरीकडे. आणि कोणता स्तंभ कोणत्या ओळींसाठी खुला केला होता हा संबंध नष्ट होतो. परिणामी, तपासणीसाठी न नेमलेल्या, पण स्वतःच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचे गुणही ती व्यक्ती बदलू शकते. हा अधिकार कोणीही हेतुतः दिलेला नसतो.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, गुणांचे कोष्टकच स्वतंत्र करणे; मग प्रत्येक कोष्टकाचे स्तंभ व ओळी यांचे नियम परस्परांत मिसळत नाहीत. दुसरा, अधिकारांचा वारसा बंद ठेवून, व्यक्तीने ‘सेट रोल’ या आज्ञेने एका वेळी एकच भूमिका धारण करावी असे बंधन घालणे. पहिला उपाय रचनेतच सामावलेला असल्यामुळे अधिक टिकाऊ आहे.

स्तंभाधिकाराच्या काही मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. आज्ञेत स्तंभाचे नाव आले की नाही, एवढेच तो पाहतो. मूल्य खरोखर बदलले की नाही, हे पाहत नाही. त्यामुळे ओळीतील सर्व स्तंभ पुन्हा लिहून टाकणारा प्रोग्राम, एकही गुण न बदलता, अडविला जातो. ‘निकाल जाहीर झाल्यावर गुण बदलू नयेत’ यासारखी अट तर स्तंभाधिकाराच्या आटोक्यातच येत नाही. तिच्यासाठी जुने व नवे मूल्य ताडून पाहणारा ‘ट्रिगर’ योजावा लागतो. शिवाय, सर्व वापरकर्ते एकाच खात्यातून डेटाबेसशी जोडले जात असतील, आणि त्या खात्याने प्रत्येकाची भूमिका धारण करण्याची योजना नसेल, तर डेटाबेसला सारे एकसारखेच दिसतात आणि भूमिकांची ही सर्व मांडणी निष्फळ होते.

तेव्हा अधिकारांची तपासणी करताना प्रत्येक भूमिकेला काय दिले आहे, एवढेच पाहून भागत नाही. प्रत्येक व्यक्तीच्या हाती सर्व भूमिकांची मिळून बेरीज किती होते, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण गुणपत्रिकेवरील आकड्याची विश्वसनीयता त्या बेरजेवरच अवलंबून असते.