उघडा रंगमंच आणि स्वयंसेवकांचे कर्तव्य

कलबुर्गीची शरणबसवेश्वर जत्रा असो वा बीदर किल्ल्यातील उत्सव, कापडी मंडप, विजेच्या तारा व दाट गर्दी एकत्र आली की आगीचा धोका संभवतो. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडप पेटून चारशेहून अधिक जीव गेले. बाहेर पडण्यास एकच दार खुले होते. उलट, १४ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर लावणी चालू असता रंगमंच पेटला. पण कलावंत व प्रेक्षक वेळीच बाहेर निघाल्याने प्राणहानी टळली.

यावरून स्वयंसेवकांचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते : माणसे बाहेर काढणे व वाट मोकळी ठेवणे. त्यासाठी प्रत्येक दारावर दोघे, रंगमंचामागे दोघे व विजेच्या मुख्य खटक्यापाशी एक, अशी वाटणी आधीच करावी. बंबाच्या मार्गावर दुकाने वा वाहने नसावीत. सूचना कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांत द्याव्यात. आग दिसताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. वीजप्रवाह चालू असता पाणी मारू नये, वाळू वापरावी. ज्वाला मंडपाच्या कापडास भिडल्यास विझविण्याचा मोह सोडून गर्दी बाहेर न्यावी. कार्यक्रमापूर्वी एकदा या साऱ्याची रंगीत तालीम घेतल्यास ऐनवेळी गोंधळ होणार नाही.